आधी पाय जमिनीवर, मग निर्णय : काउंटरवर जीव घाबरा झाला तर काय करायचं?



आपल्या चॅनलवर आपण भांडवल, मार्जिन, उधारी, जीएसटी असे विषय घेतो. आजचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण माझ्या मते तोही धंद्याचाच आहे. घाबरलेल्या मनाने घेतलेला निर्णय किती महाग पडतो आणि तो टाळायचा कसा, हे आज बघू. व्हिडिओत पद्धती करून दाखवल्या आहेत. इथे त्या सावकाश लिहून दिल्या आहेत, म्हणजे गरज पडेल तेव्हा पुन्हा बघता येतील.

समजा, महिन्याची ४ तारीख आहे. उद्या ५ तारखेला कर्जाचा हप्ता कापला जाणार आणि खात्यात पैसे कमी आहेत. तेवढ्यात होलसेलरचा फोन येतो, "दादा, मागचं बिल कधी देताय?" समोर दोन गिऱ्हाईकं उभी. छातीत धडधड सुरू होते, तळहात घामेजतात, पोटात गोळा येतो. गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू येतं, पण डोक्यात शिरत नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत असते : "आता सगळं संपलं."

प्रकाशा, शहादा, तळोदा या आपल्या पट्ट्यात तर हे आणखी होतं, कारण इथे पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. कापूस निघाला, ऊस कारखान्याला गेला, पपईची किंवा केळीची गाडी भरली, की मग उधारी वसूल होते. हप्ता मात्र दर महिन्याला जातो. श्रावणात आणि महाशिवरात्रीला केदारेश्वराच्या दर्शनाला गर्दी होते, तेव्हा प्रसाद-फुलांपासून चहापर्यंत सगळ्यांचा गल्ला भरतो. मधले दिवस काढायचे असतात. म्हणजे काळजी वाटणं यात तुमचा काही दोष नाही. आपल्या धंद्याची रचनाच तशी आहे.

घाबरलेलं मन धंद्यात काय करतं?

प्रशिक्षणात उद्योजकांशी बोलताना चार गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात :

१. रात्री ११ वाजता मोबाईलवर झटपट कर्जाचं अ‍ॅप उघडलं जातं आणि व्याज न वाचता "ओके" दाबलं जातं.

२. चांगला माल पडेल भावात काढून टाकला जातो.

३. नेहमीच्या गिऱ्हाइकावर किंवा घरच्यांवर आवाज चढतो.

४. फोन बंद करून ठेवला जातो. बँकेचा, होलसेलरचा, सगळ्यांचा.

या चौथ्या गोष्टीकडे फार कुणाचं लक्ष जात नाही, कारण ती शांत असते. पण सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. जो फोन उचलतो त्याला होलसेलर आठ दिवस थांबतो. जो उचलत नाही त्याचा माल बंद होतो.

या चारही गोष्टींमध्ये अडचण खरी आहे, पण निर्णय अडचणीने घेतलेला नाही, धडधडीने घेतलेला आहे. म्हणून नियम एकच लक्षात ठेवा : आधी पाय जमिनीवर, मग निर्णय.

शरीरात नेमकं काय होतं?

संकट दिसलं की मेंदू शरीराला "पळ किंवा लढ" असा हुकूम देतो. अ‍ॅड्रेनलिन रक्तात सुटतं. हृदय जोरात चालतं, श्वास उथळ आणि भरभर होतो, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं. पोटात गोळा येतो तो यामुळेच. शेतात साप दिसला तर हीच यंत्रणा जीव वाचवते. अडचण अशी, की बँकेचा मेसेज आला तरी शरीर तसंच वागतं, जणू काउंटरवर सापच निघाला.

अशा वेळी लक्ष एकाच धोक्यावर खिळतं. सापापासून पळायला ते चांगलं, पण हप्ता, उधारी आणि माल या तीन गोष्टींचा एकत्र हिशोब करायला वाईट. म्हणून घाबरलेल्या माणसाला "शांतपणे विचार कर" असं सांगून फायदा होत नाही. आधी शरीराला कळावं लागतं, की इथे साप नाही.

आपल्या प्रकाशा बॅरेजचंच बघा. पावसाळ्यात वर हतनूर धरणातून पाणी सोडलं की तापी फुगते. ते पाणी कुणी अडवून धरत नाही. बॅरेजचे दरवाजे उघडतात, नदीकाठच्या गावांना सावध करतात आणि पाणी पुढे उकाईकडे जाऊ देतात. दरवाजे बंद ठेवून पूर थांबवायला गेलं तर काठच्या गावांत पाणी शिरेल. मनातल्या पुराचंही तसंच आहे. "घाबरायचं नाही, घाबरायचं नाही" असं म्हणत राहणं म्हणजे दरवाजे बंद ठेवणं.

ग्राउंडिंग म्हणजे काय?

ग्राउंडिंग म्हणजे विचारांच्या पुरात वाहत असताना लक्ष पुन्हा आत्ताच्या जागेवर, शरीरावर आणि आजूबाजूच्या वस्तूंवर आणणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ताणाच्या काळासाठी एक सचित्र पुस्तिका काढली. त्यातलं पहिलं कौशल्य हेच आहे. या पुस्तिकेच्या मागे "सेल्फ-हेल्प प्लस" नावाचा पाच सत्रांचा कार्यक्रम आहे. युगांडात आश्रयाला आलेल्या दक्षिण सुदानमधल्या निर्वासित महिलांवर त्याची चाचणी झाली आणि त्यांचा मानसिक त्रास कमी झालेला दिसला. घरदार सुटलेल्या बायकांना ज्याचा उपयोग झाला, ते आपल्या काउंटरवर करून बघायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवा. ग्राउंडिंगने हप्ता भरला जात नाही. खात्यात पैसे तेवढेच राहतात. फक्त तुमचे हातपाय आणि डोकं तुमच्या ताब्यात परत येतं. पुढचं काम त्या डोक्याने करायचं असतं.

दुकानात बसून करता येतील अशा चार पद्धती

पहिली : पाय दाबा. उभे असाल तर दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवा. बसलेले असाल तर पाठ खुर्चीला टेकवा. आता तळपाय हळूहळू जमिनीत दाबा, जणू ओल्या मातीत ठसा उमटवायचा आहे. ५ सेकंद दाबा, सोडा. असं ५ वेळा. मग दोन्ही हातांनी काउंटरची कडा धरा आणि ती गार आहे की कोमट, गुळगुळीत आहे की खडबडीत, ते मनात म्हणा. समोर गिऱ्हाईक असलं तरी त्याला काही कळत नाही. फोनवर बोलतानाही करता येतं.

दुसरी : पाच-चार-तीन-दोन-एक. ही जगभर शिकवली जाते. आपण ती किराणा दुकानात करून बघू.

• दिसणाऱ्या ५ वस्तू : तराजू, बिस्किटांची बरणी, साबणाची थप्पी, कॅलेंडर, बाहेर उभी मोटारसायकल. नुसतं बघू नका, मनात नाव घ्या.

• ऐकू येणारे ४ आवाज : पंखा, फ्रीजची घरघर, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, शेजारच्या दुकानातलं बोलणं.

• हाताला लागणाऱ्या ३ गोष्टी : पेनाचं टोपण, गोणीचा खरखरीत ताग, स्वतःच्या शर्टाची बाही.

• २ वास : लाल मिरचीचा आणि अगरबत्तीचा. नंदुरबारची मिरची दुकानात असेल तर हा वास शोधावा लागत नाही!

• १ चव : पाण्याचा एक घोट किंवा बडीशेपेचे चार दाणे.

हे चालतं कसं? भीती नेहमी पुढच्या काळातली असते, उद्याच्या हप्त्याची. डोळे, कान, नाक मात्र फक्त आत्ताचंच सांगतात. लक्ष त्यांना दिलं की उद्याच्या गोष्टीला तेवढीच जागा कमी मिळते. शिलाईचं दुकान असेल तर कापड, कात्री, मशीनचा आवाज घ्या. सलून, मोबाईल रिपेअरिंग, नाश्त्याची गाडी, प्रत्येकाची यादी वेगळी होईल. आपापली यादी आजच करून ठेवा.

तिसरी : लांब सुस्कारा. नाकाने श्वास घ्या. छाती भरली असं वाटलं की वरून आणखी एक छोटा श्वास घ्या. मग तोंडाने अगदी सावकाश सोडा. गरम चहावर फुंकर घालतो तसा, पण त्याहून लांब. ५ ते १० वेळा करा. श्वास सोडताना हृदयाचा वेग थोडा मंदावतो, म्हणून सोडायचा श्वास घेतल्यापेक्षा लांब ठेवायचा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांनी महिनाभर रोज फक्त ५ मिनिटं असा श्वासाचा सराव केला. या सुस्काऱ्याच्या पद्धतीने मनःस्थितीत झालेली सुधारणा ध्यान करणाऱ्यांपेक्षाही जास्त दिसली.

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त घाबरायला होतं. त्यांनी ही सोडून द्यावी आणि पहिली किंवा दुसरी करावी. दमा असेल तर श्वास रोखून धरायचा नाही.

चौथी : मूठ आवळा, सोडा. दोन्ही मुठी ५ सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सैल सोडा आणि १० सेकंद तो सैलपणा जाणवू द्या. मग खांदे कानाकडे उचला, सोडा. मग जबडा. अमेरिकेतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात स्नायू सैल करण्याची ही पद्धत बसवली. दिवसभर काउंटरला उभं राहून खांदे आणि मान आखडते, त्यांना ही जास्त लागू पडते. रात्री झोप येत नसेल तर पायापासून डोक्यापर्यंत एकेक भाग असाच आवळून सोडा.

चारही एकदम करायच्या नाहीत. दोन निवडा. दोन-तीन मिनिटांत धडधड कमी झाली तर ठीक, नाही झाली तर पुन्हा एक फेरी.

एक व्यापारी, एक डोकेदुखी

"हे सगळं रिकाम्या माणसांचं काम, आम्हाला धंदा आहे," असं काही जण म्हणतात. त्यांच्यासाठी एक खरं उदाहरण. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीचं विपश्यना केंद्र तुम्ही ऐकलं असेल. ते उभं करणारे सत्यनारायण गोएंका मूळचे व्यापारी. १९२४ मध्ये ब्रह्मदेशातल्या मंडाले इथे मारवाडी कुटुंबात जन्मलेले. तरुण वयातच उद्योगात मोठं नाव झालं आणि सोबत अर्धशिशीचा भयंकर त्रास सुरू झाला. वेदना थांबवायला मॉर्फिन घ्यावं लागायचं आणि त्याचंच व्यसन लागेल अशी भीती होती. १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे दहा दिवसांच्या शिबिराला बसले. हे ऊ बा खिन म्हणजे कुणी गुहेतले साधू नव्हते, ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. दिवसभर सरकारी हिशोब बघणारा माणूस! पुढे १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं.

त्या शिबिरात सुरुवातीचे दिवस फक्त आनापान करतात, म्हणजे नैसर्गिक श्वास जसा आहे तसा नाकपुडीपाशी बघत राहायचा. दहा दिवसांचं शिबिर ही मोठी साधना आहे, काउंटरवरचा तातडीचा उपाय नाही. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकडे जाऊही नये. पण मला या गोष्टीतून एवढंच घ्यायचं आहे : शिकणारा व्यापारी होता, शिकवणारा हिशोबनीस होता. मन जागेवर ठेवणं हे धंदा करणाऱ्यांचंच काम आहे.

धडधड थांबली. आता तीन ओळी लिहा

इथे बरेच जण थांबतात आणि अर्ध्या तासात पुन्हा घाबरतात, कारण मूळ प्रश्न तसाच असतो. म्हणून शांत झाल्यावर लगेच कागद घ्या. मोबाईल नको, कागदच. तीन ओळी :

१. खरं काय आहे? आकड्यात.

२. जास्तीत जास्त काय होईल? तेही आकड्यात.

३. पुढचं एक काम कोणतं, आणि ते किती वाजता करणार?

उदाहरण घेऊ. जीएसटीआर-३बी ची २० तारीख चुकली आणि जीव घाबरा झाला. "आता नोटीस येणार, दुकान बंद होणार." लिहून काढा : १२,००० रुपये कर भरायचा होता, ४ दिवस उशीर झाला. विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, म्हणजे २००. व्याज वर्षाला १८ टक्क्यांनी ४ दिवसांचं साधारण २४ रुपये. एकूण २२४ रुपये. पुढचं काम : आज दुपारी ३ वाजता सीएकडे किंवा कर सल्लागाराकडे जाऊन रिटर्न भरणं. ज्या भीतीने दोन रात्री झोप नव्हती, तिची किंमत २२४ रुपये निघाली. मात्र घाबरून सहा महिने तिकडे बघितलंच नाही, तर हाच आकडा वाढत जातो.

दुसरं उदाहरण हप्त्याचं. हप्ता चुकणार असं दिसत असेल तर तारखेच्या आधी शाखेत जाऊन बोला. कर्ज एनपीए होतं ते थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेल्यावर, एका दिवसात नाही. पण एक हप्ता चुकला तरी दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअरवर परिणाम होतो, म्हणून आधी बोलणं फायद्याचं. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कुणी तसं करत असेल तर आधी त्याच बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

कधी कधी आकडा लिहिल्यावर भीती खरी निघते. उधारी ८०,००० आणि देणं १,२०,००० असेल तर ४०,००० चा खड्डा आहेच. तरीही लिहिलेला खड्डा बरा. त्याची लांबी-रुंदी कळते आणि तो भरायची तारीख ठरवता येते. कुणाकडून वसुली, कुठला माल थांबवायचा, कुणाला मुदत मागायची, हे सुचतं ते आकडा समोर असतानाच.

आणि एक पक्का नियम : कर्ज, मोठी खरेदी, माल फुंकून टाकणं, दुकान बंद करणं, यातला कुठलाही निर्णय रात्री ९ नंतर घ्यायचा नाही. सकाळी तोच कागद पुन्हा वाचायचा. निर्णय बरोबर असेल तर सकाळीही बरोबरच राहील.

सराव कधी करायचा?

पूर आल्यावर बॅरेजच्या दरवाजांना ग्रीस लावत नाहीत, ते आधी करून ठेवतात. तसंच इथे. सकाळी शटर उघडल्यावर, झाडलोट आणि दिवाबत्ती झाली की गल्ल्यापाशी बसून दोन मिनिटं पाय दाबणं आणि पाच सुस्कारे. रात्री हिशोब लावण्याआधी पुन्हा तेच. रोजच्या दोन कामांना जोडलं की वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. शांत असताना पन्नास वेळा केलेलं असेल तरच घाबरल्यावर आठवतं.

चहा-तंबाखूकडेही जरा बघा. ताण आला की टपरीवर कट चहा आणि पुडी, ही सवय आहे आपल्याकडे. पण चहातलं कॅफीन आणि तंबाखूतलं निकोटीन, दोन्ही हृदयाचा वेग वाढवतात. आधीच धडधडत असताना आगीत तेलच. त्या वेळी एक ग्लास पाणी प्या.

हे पुरेसं नाही, हे कधी ओळखायचं?

• छातीत दुखतंय, ते डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय, दरदरून घाम येतोय : याला "टेन्शन" म्हणून सोडू नका. लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात जा. ग्राउंडिंग नंतर.

• दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप लागत नाही, जेवण जात नाही, दुकान उघडायची इच्छाच होत नाही : डॉक्टरांना भेटा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. साखरेची किंवा बीपीची गोळी घेतो तितकीच ही साधी गोष्ट आहे.

• "आपण नसलो तर बरं" असा विचार एकदा जरी आला : थांबू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरातल्या एका माणसाला त्याच वेळी सांगा. कर्ज कितीही असलं तरी ते फेडायचे, पुढे ढकलायचे, तडजोडीचे मार्ग असतात. ते शोधायला माणूस हवा.

घरच्यांसाठीही दोन शब्द. दादा किंवा ताई अचानक गप्प झाली, फोन उलटा ठेवायला लागली, हिशोबाच्या वहीला हात लावू देत नाही, तर "एवढं काय टेन्शन घेतो?" असं म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, "किती आकडा आहे? आपण दोघं मिळून लिहू."

या आठवड्याचं काम

१. आपल्या दुकानाची पाच-चार-तीन-दोन-एक यादी करा आणि गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवा.

२. सकाळी शटर उघडल्यावर दोन मिनिटं, सात दिवस.

३. सध्या जी एक काळजी सगळ्यात जास्त पोखरतेय, तिच्या तीन ओळी लिहा. तिसऱ्या ओळीत वेळ घालायला विसरू नका.

४. १४४१६ हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा. तुम्हाला लागला नाही तर शेजारच्या दुकानदाराला लागेल.

पुढच्या भागात उधारीची वही कशी मांडायची आणि संबंध न बिघडवता वसुली कशी करायची, ते बघू. तिसऱ्या ओळीत बऱ्याच जणांच्या कागदावर "वसुली" हाच शब्द येणार आहे, याची मला खात्री आहे.

धंदा करत राहा, काळजी घ्या!